कुंकू कासलबारला, ट्रॅक्टर लेटरकेनीचा

आयर्लंडच्या पश्चिमेला लोक समुद्र बघायला जातात, कडे बघायला जातात. मी आणि माझ्या सासूबाई फेब्रुवारीत तीन दिवस हिंडून दोन ट्रॅक्टर बघून आलो. समुद्र वाटेत लागला, तोही गाडीच्या काचेतून. पण इथे थोडीफार जमीन घेतलेले किंवा घ्यायची स्वप्नं बघणारे बरेच जण हा ब्लॉग वाचतात, म्हणून सगळं नीट लिहिते.

किलकेनीपासून वीस मिनिटांवर आमची चार एकर जागा आहे. तिथे उतारावर सफरचंदांची जुनी बाग आहे. सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी सोडून मी तिच्या मागे लागले तेव्हा निखिलशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशी, ठरलं होतं की दोन हंगाम बघायचं, नाही जमलं तर मुकाट्याने परत लॅपटॉप उघडायचा. पहिला हंगाम फुकट गेला. भाड्याने येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने हात टेकले, कारण ओळीचं शेवटचं झाड आणि शेजाऱ्यांचं दगडी कुंपण यांच्यामध्ये त्याला वळताच येईना. "टोकाची झाडं काढा, मग येतो," म्हणाला. टोकाच्या झाडांना सगळ्यात जास्त ऊन मिळतं आणि सगळ्यात जास्त फळंही त्यांनाच लागतात. ती काढायची असतील तर बाग ठेवायची कशाला? मी ठरवलं की ट्रॅक्टर स्वतःचा घ्यायचा आणि स्वतः चालवायचा. पैसे एकाच ट्रॅक्टरपुरते होते, त्यामुळे चूक करायची सोय नव्हती.

शोधता शोधता दोन जाहिराती उरल्या. कासलबारजवळ एक नेहमीच्या घडणीचा लहान ट्रॅक्टर होता. मागे मोठी चाकं, पुढे छोटी, आणि वळताना फक्त पुढची चाकं वळणार. लेटरकेनीजवळ होता आर्टिक्युलेटेड. त्याची चारही चाकं सारखी असतात आणि मधल्या सांध्यात आख्खा ट्रॅक्टरच वाकून वळतो. मला हा दुसरा आधीपासूनच आवडला होता.

आईंना, म्हणजे सासूबाईंना, अर्थातच पहिला. त्या सांगलीकडच्या. सासरे शाळेत शिकवायचे आणि द्राक्षबाग आई बघायच्या, अजूनही बघतात. साडीवर शर्ट चढवून ट्रॅक्टर स्वतः चालवतात. इथे आमच्याकडे राहायला आल्या होत्या आणि महिन्याभरात परत जाणार होत्या. मी त्यांना दोन्ही फोटो दाखवले.

"मधनंच मोडणारं यंत्र कशाला पायजे?" त्या म्हणाल्या. "सरळ उभं ऱ्हाणारं घे की. कुठलाबी मिस्त्री उघडंल, कुठलाबी जोडंल."

"आई, ते मोडत नाही, वळतं."

"आज वळतंय. उद्या मोडंल."

निघायच्या आदल्या दिवशी मी शेवटच्या झाडापासून कुंपणापर्यंत नायलॉनची दोरी ताणली आणि तेवढीच कापून घेतली. या दोरीत जो वळेल, तो आपला. आईंनी दशम्या बांधल्या, शेंगदाण्याची चटणी घेतली आणि थर्मासमध्ये चहा भरला.

पहिल्या दिवशी किलकेनीहून पोर्टलीश, टलमोर, अथलोन, रोसकॉमन करत कासलबार. मोटरवे जवळजवळ नाहीच, त्यामुळे टोल नाही, पण साडेतीन तासांचे थांबत थांबत पाच तास होतात. अरुंद रस्त्यांवर समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून सलाम करतो. आईंना हे फार आवडलं. रोसकॉमन सोडेपर्यंत त्या प्रत्येकाला पूर्ण हात जोडून उत्तर देत होत्या. जेवायला क्लेअरमॉरिसला थांबलो. सूप आणि ब्राउन ब्रेड दोघींचं मिळून पंधरा युरोंच्या आत. शाकाहारी असाल तर सूप कशाचं आहे ते आधी विचारा, "व्हेजिटेबल" म्हटलेल्या सूपचा रस्सा कोंबडीचा असू शकतो.

ट्रॅक्टरचा मालक पॅट हा सत्तरीचा, उंच, खांद्यात वाकलेला गृहस्थ. गुरं विकून टाकली, आता ट्रॅक्टर नुसताच उभा राहतो म्हणाला. आईंनी चपला काढल्या, ट्रॅक्टरला नमस्कार केला, परत चपला घातल्या आणि वर चढल्या. पॅट माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, त्या चालवतील. त्यांनी गिअर चाचपले, क्लच दाबून बघितला आणि अंगणात अशी काही फेरी मारली की पॅटने टोपी काढून हातात घेतली.

मग मी दोरी अंथरली. एका टोकाला बादली हे कुंपण, दुसऱ्या टोकाला काठी हे झाड. ट्रॅक्टर वळताना आधी बादलीवर गेला. पुन्हा मागे, पुन्हा पुढे, मग काठीवर. शेवटी वळला, पण गवतावर पुढच्या चाकांनी खरवडून चिखल केला.

"दोन-तीनदा मागं-फुडं केलं तर काय जातंय?" आई म्हणाल्या.

"प्रत्येक ओळीला, आई. आणि आपल्याकडे उतार आहे. चिखल झाला की घसरणारच."

मी दोरी गुंडाळत होते, तेवढ्यात घोटाळा झाला. आईंच्या पर्समध्ये कुंकवाचा छोटा करंडा कायम असतो. ज्या यंत्रावर बसलो त्याला उतरताना कुंकू लावायचं, ही त्यांची वर्षानुवर्षांची सवय. माझं लक्ष जाईपर्यंत ट्रॅक्टरच्या नाकावर कुंकवाची दोन बोटं उमटली होती.

"हे काय केलं?" पॅटने मला विचारलं. मी सांगितलं, आशीर्वाद आहे.

"म्हणजे आजीबाईंनी पक्कंच केलं," असं म्हणून त्याने हात पुढे केला. आयर्लंडमध्ये अशा व्यवहारात हात मिळवला की पुढे बोलणं नसतं. माझ्या दोन्ही हातांत दोरी होती, ती मी सोडली नाही. उद्या आणखी एक बघायचा आहे, मग फोन करते, असं म्हटलं. "ग्रँड," म्हणजे ठीक आहे, असं तो म्हणाला, "शनिवारपर्यंत धरून ठेवतो."

गाडीत बसल्या बसल्या आई म्हणाल्या, "आता दुसरा कशाला बघायचा?"

"का?"

"कुंकू लागलं की त्याला. कुंकू लावलेली वस्तू तशीच सोडून येतंय का कोण?"

त्या गंमत करत नव्हत्या. त्यांच्या मते ट्रॅक्टर घरचा झाला होता. मला राग आला, आणि राग आल्याचं वाईटही वाटलं. कासलबारच्या बीअँडबीमध्ये (म्हणजे घरातच चालवलेला लॉज, दोघींना नव्वद युरो, न्याहरी धरून) मालकीणबाईंनी चहा-साखर प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, असल्याचं सांगितलं. आम्ही चहा केला आणि समोरासमोर बसून प्यायलो. मी मनाशी पक्कं केलं की कुंकवाला घाबरून झाडं कापायची नाहीत.

दुसऱ्या दिवशी कासलबारहून स्लायगो, बंडोरन, डोनेगल गाव आणि मग लेटरकेनी. रस्ता सुंदर आहे. स्लायगोनंतर डावीकडे समुद्र येतो आणि उजवीकडे माथा सपाट कापल्यासारखा डोंगर. बंडोरनला समुद्रासमोर गाडी लावून दशम्या खाल्ल्या. वारा इतका की दार उघडायला दोन्ही हात लावावे लागले. आई बोलत होत्या, पण ट्रॅक्टर सोडून सगळ्याबद्दल.

लेटरकेनीजवळ नूला नावाच्या बाईची उतारावर ख्रिसमस ट्रीची लागवड आहे. व्याप वाढला म्हणून मोठा ट्रॅक्टर घेतला, हा विकायचा. तिने तो गोठ्यातून बाहेर काढला आणि उभ्या जागी स्टिअरिंग फिरवलं. ट्रॅक्टर कंबरेत वाकला. मग सीट आणि स्टिअरिंग गर्रकन उलट्या दिशेला फिरवून दाखवलं. गवत कापायचं असेल तर असं उलटं बसायचं, म्हणजे मागे जोडलेलं यंत्र डोळ्यांसमोर येतं. मी दोरी अंथरली. ट्रॅक्टर एका दमात वळला, वर हातभर दोरी उरली. मागची चाकं पुढच्या चाकांच्याच वाटेवरून गेली आणि गवत जागच्या जागी राहिलं.

मी लहान मुलीसारखी हसत होते. आई कोटाच्या खिशात हात घालून उभ्या होत्या.

"रिकामा हाय म्हणून वळला," त्या म्हणाल्या. "टाकी भर म्हणावं. फवारायची टाकी. पाणी हलतंय बघ आत. मग वळव त्या उतारावर."

मी ते नूलाला सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर विचारलंत. मीच सांगणार होते." तिने मागे टाकी जोडली, पाण्याने गच्च भरली. मी चढून बेल्ट लावला. आडव्या उतारावर गेले आणि पूर्ण वळवला. पाणी एका बाजूला गेलं, आणि चढाकडचं पुढचं चाक जमिनीवर टेकलं आहे की नाही तेच मला कळेना. "सरळ कर, हळू," नूला ओरडली. मी केला. चाक बसलं.

मी सावकाश खाली उतरले. मला वाटलेलं तसं हे यंत्र सगळ्यावर उत्तर नव्हतं. नूलाचा नियम साधा होता. उतारावर टाकी अर्धीच भरायची आणि भरलेली असताना पुरता वाकवायचा नाही. तिने तो याच उतारावर अनेक वर्षं असाच चालवला होता. म्हणजे मला पाणी भरायला दुप्पट फेऱ्या. मी तिथेच चिखलात उभी राहून विचार केला. जास्तीच्या फेऱ्या मी मारू शकते. कापलेलं झाड परत लावून फळाला यायला मात्र माझ्याकडे हंगाम उरलेला नाही.

"आई, मी हा घेतेय."

"घाबरलीस की आत्ता."

"घाबरले. म्हणून अर्धीच टाकी भरीन. पण झाडं कापणार नाही."

"आन् त्याचं कुंकू?"

"कुंकू तुम्ही लावलंत, आई. मी नाही लावलं. बाग मला चालवायची आहे." लग्न झाल्यापासून मी त्यांच्याशी इतकं सरळ कधी बोलले नव्हते.

मी नूलाशी हात मिळवला. आईंची पर्स बंदच राहिली.

तिसरा दिवस परतीचा. तुमच्यापैकी ज्यांचे आई-वडील व्हिजिटर व्हिसावर येतात त्यांनी नीट वाचा. लेटरकेनीहून खाली यायचा सरळ रस्ता उत्तर आयर्लंडमधून जातो, म्हणजे यूकेमधून. वाटेत गेट नाही, चौकी नाही, पाट्यांवरचे किलोमीटर जाऊन मैल येतात एवढाच फरक. पण त्यासाठी व्हिसावर तशी सोय असावी लागते. आईंच्या व्हिसावर नव्हती. म्हणून आलो तसं स्लायगोपर्यंत मागे, मग लाँगफर्ड, मलिंगार करत किलकेनी. वेळ जास्त, डिझेलही जास्त. सगळा वळसा आम्ही रेडिओ ऐकत काढला.

मलिंगारला पॅटला फोन लावला. स्पीकरवर, कारण गाडी मी चालवत होते. दुसरा घेतला म्हणून सांगितलं, माफी मागितली.

"ग्रँड, ग्रँड," तो म्हणाला. "काल शेजारचा आला होता. युअर मॅन (म्हणजे तोच शेजारी) विचारतो, हा लाल रंग कसला? मी म्हटलं, थेट भारतातून आशीर्वाद आहे. आता त्याला तोच हवाय. आजीबाईंना विचारा, पाऊस लागला तर चालेल ना?"

मी आईंना मराठीत सांगितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"चालंल म्हणावं," त्या म्हणाल्या. मग स्वतःशीच पुटपुटल्या, "कुणाच्या तरी दारात गेलं. रिकामं नाय ऱ्हायलं."

पुढच्या आठवड्यात ट्रेलरवरून ट्रॅक्टर आला. आईंच्या जाण्याला चार दिवस होते. निखिलने विचारलं, नारळ आणू का? मी म्हटलं, राहू दे. मला त्यांच्यावर जबरदस्ती करायची नव्हती. मी अर्धी टाकी भरली आणि पहिल्या ओळीत शिरले. टोकाला, शेवटच्या झाडाशी, वळले. कुंपण राहिलं, झाड राहिलं. परत आले तर आई शर्ट घालून बांधावर उभ्या होत्या, हातात करंडा.

"बंद कर," त्या म्हणाल्या. त्यांनी चपला काढल्या. ओल्या गवतात. पुढे नाकावर दोन बोटं लावली, नमस्कार केला. मग ट्रॅक्टरला वळसा घालून मागे गेल्या आणि मागच्या धडावर, मडगार्डच्या आतल्या बाजूला जिथे पाऊस लागत नाही तिथे, पुन्हा दोन बोटं लावली.

"आई, पुढे लावलंत की."

"गवत कापताना तू उलटी बसणार न्हवं?" त्या म्हणाल्या. "मग हेच तोंड फुडं येतंय."

आई सांगलीला परत गेल्या त्याला आता दोन महिने झाले. पुढचं कुंकू पहिल्याच पावसात धुऊन गेलं. काल गवत कापायला सीट फिरवून बसले तेव्हा मागचं समोर आलं. ट्रॅक्टर कोणता घ्यावा असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगते: आधी तुमच्या वळणाएवढी दोरी कापा, मग उतारावर टाकी भरून चालवून बघा. दोरी माझी कल्पना होती, टाकी आईंची.