नवरदेवापुढची हलगी

“अहो संगीतवाले सर, तुमी तिकडं कुठं बसलात? तुमचा मान तर हिकडं हाय!”

आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष बोलले हे. पोराच्या लग्नात, भर मांडवात, माईकवरून. दुसऱ्या हातात हलगी. मी बाकीच्या मास्तरांच्या रांगेत खुर्चीवर बसलेलो. समोर माझ्याच वर्गातली पोरंपोरी, नवे कपडे घालून.

सोनपेठकडचं हे गाव त्यांचं, आन माझंबी. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला निघाला की पुढं हलगी लागते. ती मांगवाड्यातल्या माणसानंच वाजवायची. गाव त्याला मान म्हणतं. मान म्हणजे काय, तर उन्हात वाजवत पुढं चालायचं, देवळाच्या पायरीखाली थांबायचं आन सगळ्या पंगती उठल्यावर मांडवामागं जेवायला बसायचं. दारात एवढा मोठा डीजे उभा होता. तरी हलगी पाहिजेच.

मी बास वाजवतो. जॅझमधला बास. माणसाएवढं लाकडी वाद्य, चार जाड तारा. बाकीचे वाजवणारे कुठंबी भटकू द्या, बासवाल्यानं खालून धरून ठेवायचं असतं. पुण्यामुंबईत कैक वर्षं तेच केलं. माय गेली, आबा एकटे पडले, म्हणून परत आलो आन परभणीत शाळेत संगीत शिकवायला लागलो. आडनाव ऐकून लोक दोन पावलं मागं सरकतात, हे काय मला नवं न्हाई. पण खरं सांगतो, ते बघून बघून आता थकलोय.

“घ्या सर. तुमच्या त्या विलायती बासपेक्षा हेच झ्याक वाजंल. रक्तातच हाय तुमच्या.”

मांडव हसला. आमचे हेडमास्तरबी हसले. माझ्या वर्गातली एक पोरगी तेवढी खाली बघायली होती.

रक्तात! बोटं फुटेस्तोवर घासलंय मी. तेव्हा रक्त निघालं होतं, ते ह्यांनी कुठं बघितलं?

मी उठलो. म्हणलं, “मी पाहुणा म्हणून आलोय. वाजवणार न्हाई.”

तेवढ्यात मांडवाच्या मागून, आमचे लोक बसले होते तिथून, आबा आले. माझा बाप. हात जोडलेले. “पोराचं चुकलं मालक. आणा, मी वाजवतो.” हलगी घेतली आन कडब्याचा जाळ करून कातडं शेकायला बसले. शेकल्याशिवाय हलगी बोलत न्हाई.

मला अध्यक्षांपेक्षा आबांचाच जास्त राग आला. खोटं कशाला बोलू? मग ध्यानात आलं, हा माणूस माझी नोकरी वाचवायलाय. त्याला दुसरी रीतच ठाऊक न्हाई.

मी जाऊन त्यांचं मनगट धरलं. “आबा, उठा.”

“सोड. नोकरी जाईल, येड्या.”

“जाऊ द्या. उठा.”

हलगी त्यांच्या हातातून घेतली आन अध्यक्षांच्या खुर्चीवर ठेवली. खाली भुईवर न्हाई ठेवली, वाद्य हाय ते. मग आबांना धरून बाहेर पडलो. मागं डीजे सुरू झाला.

रस्त्यानं आबा एकच वाक्य बोलले. “हलगीनंच पोसलं रं तुला.”

खरं हाय. ठेकासुद्धा मी त्यांच्या मांडीला टेकून शिकलो. माझा राग हलगीवर न्हाईच. माईकवरून हाक मारून ती गळ्यात अडकवणाऱ्यावर हाय. पण हे आबांना सांगायला गेलो तर ते तोंड फिरवतात. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

हेडमास्तरांचा फोन आला. “सोमवारी या, अध्यक्षदादांच्या पाया पडा आन मिटवून टाका. न्हाईतर तुमचे तास बंद.” बाकीचे मास्तर एकेकटे गाठून म्हणतात, बरोबर केलंत सर, पण... ह्या ‘पण’चा मला वीट आलाय. मांडवात एकालाबी कंठ फुटला न्हाई.

ठीक हाय. सोमवारी मी शाळेत जाणार. पाया पडायला न्हाई, तास घ्यायला. काढायचं असंल तर त्यांनी मला वर्गात येऊन काढावं, पोरांच्या देखत, आन कामून काढलं ते तोंडानं सांगावं. मी वाकणार न्हाई. आबांनाबी वाकू देणार न्हाई. मग ते जन्मभर माझ्याशी बोलले न्हाईत तरी चालंल.