अरुंद स्की

धरणावरच्या बोट क्लबात मी एका स्कीवर, म्हणजे पाण्यावर घसरायच्या फळीवर, दोन्ही पाय ठेवून दोरीनं बोटीमागं जायला शिकत होते. शिकवणाऱ्यानं मला मुद्दाम अरुंद, ताठ स्की दिली. तशी स्की वेगात जाणाऱ्या, तरबेज माणसाला पेलते. माझं वजन जास्त आणि बोट सावकाश, त्यामुळं मी दर वेळी बुडाले. तो काठावरून ओरडला, "म्हशीला डुंबू द्या!" सगळे लई हसले.

ते मी मनात धरून ठेवलं. जड माणसाला रुंद, लांब स्की उचलून धरते हे समजल्यावर तशीच घेतली आणि पुण्याकडं जाऊन शिकले.

पुढच्या हिवाळ्यात परत आले, तेव्हा क्लबात पाहुणे जमले होते. त्यांच्यासमोर मी पहिल्याच ओढीला उभी राहिले. मग त्या शिकवणाऱ्यानंही हट्टानं आपली अरुंद स्की काढली. त्याचं पोट आता चांगलंच सुटलं होतं.

"माझी रुंद देऊ का, सर?" मी मोठ्यानं विचारलं.

"बायकांची स्की? नाय लागत."

बोटवाल्याला मी हळूच सांगितलं, "भाऊ, गेल्या साली माझ्या वेळी घेतली होती तेवढीच सावकाश घ्या."

अरुंद स्कीवर सर तीनदा बुडाले. पाहुणे हसले. मला त्याची जराही कीव आली नाही. पैठण रोडनं गाडीवर मी गात घरी आले.