आधी चालवून दावा

म्हैस आणि डॉक्टर यांची पारख एकाच रीतीनं करायची असते, असं मानणारी बाई साऱ्या दुनियेत एकच असेल, आणि गेली बावीस वर्षं तीच गडमुडशिंगीहून येऊन माझ्या दारात दूध घालते. सुट्टीत तुम्हा नातवंडांना धरून निरसं दूध पाजायची आणि तुमच्या आईचा जीव टांगणीला लावायची, ती ही दूधवाली आक्का. माणूस काय बोलतो याकडे तिचं लक्षच नसतं. तो चालतो कसा, ते ती बघते. बाजारात व्यापारी म्हशीचं तोंडभर कौतुक करू लागला की म्हणते, "पावणं, तोंड मिटा. दहा पावलं चालवून दावा." लेकीसाठी स्थळ बघायला गेली तेव्हा नोकरी, शेती काही न विचारता मुलाला विहिरीवरून भरली घागर आणायला लावली आणि चाल बघून होकार दिला. जावई सोन्यासारखा निघाला. तुमच्या बाबाला एकदा फाटकातून येताना बघून मला म्हणाली, "बाई, धाकटं मालक डाव्या पायावर भार टाकत न्हाईत. कवातरी पडल्यात." कॉलेजात असताना माझ्यापासून लपवलेला त्याचा स्कूटरचा अपघात असा वीस वर्षांनी उघडकीला आला.

अशा बाईचाच पाय गोठ्यात शेणावरून घसरला आणि गुडघ्याच्या वरचं हाड मोडलं. प्लास्टर घातलं, काढलं, पण हाड नीट सांधलं नव्हतं आणि गुडघा काठीसारखा ताठ झाला होता. आता ऑपरेशन आणि त्यानंतर कित्येक महिने व्यायाम. तिचा मुलगा म्हणाला, "आई, उकिडवं बसून धारा काढणं तुला आता जमायचं न्हाय. पाडव्यापतुर बघू, न्हाईतर दोन्ही म्हशी इकूया." मुलगा वाईट नाही, पण त्याची कारखान्याची पाळी असते आणि त्यानं कासेला हात लावला की म्हशी लाथ झाडतात. म्हशी गेल्या म्हणजे आक्का घरात एका जागी बसली, हे तिला कळत होतं आणि मलाही.

तिच्याजवळ सरकारी विम्याचं कार्ड होतं. ते घेणारा हाडांचा डॉक्टर तेवढा शोधायचा होता. मी वहीत रकाने आखले आणि फोनपाशी बसले. मराठीत विचारलं की "थांबा हं" म्हणून ठेवून देत. इंग्रजीत विचारलं की निदान "मॅडम" तरी म्हणत. उत्तरं दोन्ही भाषांत सारखीच. एकाकडे कार्ड चालायचं, पण हाडांना नाही. एकाकडे हाडांना चालायचं, पण हाडांचे डॉक्टरच सोडून गेले होते. एकाचं नाव सरकारी यादीत होतं आणि ही बातमी त्याला माझ्याकडूनच कळली. आक्का खुर्चीत ताठ पाय पुढं करून बसलेली असे. "लावा की पुढचा. न्हाय म्हणाय त्येंचं काय जातंय?" चौदा फोनांनंतर तीन नावं उरली. मी स्वतःवर भलतीच खूश झाले. आक्का म्हणाली, "हां. आता मी बघतो."

बघतो म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी कळलं. मी फाईल घेऊन पहिल्या दवाखान्याच्या पायऱ्या चढू लागले, तर ही रस्त्यापलीकडं चहाच्या गाड्याशेजारच्या बाकावर बसलेली. "आत काय बघायचं? आत समदं चकाचकच असतंय. भाईर येणारी माणसं बघू." तुमची आजी, जिनं जन्मात कधी रस्त्यावर चहा घेतला नाही, ती सकाळी नऊपासून दुपारी एकपर्यंत त्या बाकावर बसून चार चहा प्याली. मग निकाल लागला. "चालताना एक दिसला न्हाय. समदी खुर्चीतनं थेट रिक्षात. चालवून दावत न्हाईत, तितं घ्यायचं न्हाय." दुसऱ्या दवाखान्यातून माणसं चालत येत होती, पण तिनं एका बाईला भर रस्त्यात अडवून विचारलं तेव्हा समजलं, की ऑपरेशन कार्डावर होतं आणि पुढचा व्यायाम ज्याचा त्यानं घरी करायचा. "व्यालेल्या म्हशीला वैरण न्हाय, तसलं हे," म्हणत आक्का उठली.

तिसरा दवाखाना जयसिंगपूरला. इतक्या लांब एसटीनं आठवड्यातून तीनदा कशी येणार, म्हणून मी वाटभर कुरकुरले. आम्ही समोरच्या कट्ट्यावर टेकतो न टेकतो तोच एक म्हातारा कठड्याला धरून खाली उतरू लागला. व्यायाम घेणारी मुलगी मागं उभी. प्रत्येक पायरीला तो तिच्या नावानं एक शिवी हासडत होता, पण पायरी उतरत होता. आक्कानं काठी उचलली. "बाई, फाईल काढा. हितं शिव्या घालत्यात, पर चालत्यात."

कार्डाचं काम बघणाऱ्या माणसानं कागद तपासले. ऑपरेशनला मंजुरी येईल आणि व्यायाम इथंच होईल म्हणाला. आक्कानं डॉक्टरांना एकच विचारलं, "दोन गुडघ्यांत धारंची चरवी धरून उकिडवं बसाय येईल काय?" त्यांनी एक्स-रे उजेडाकडं धरून बराच वेळ बघितला. "मावशी, चालाल. जिना चढाल. उकिडवं बसाल असं मात्र मी सांगणार नाही."

माझा चेहरा पडला. आक्काचा उजळला. "खोड सांगून इकतोय ह्यो. करा हो ऑपरेशन."

ऑपरेशन झालं. मग अख्खा हिवाळा एसटीच्या वाऱ्या. आक्कानं त्या व्यायामवाल्या मुलीला म्हाताऱ्यापेक्षा सरस शिव्या दिल्या आणि दर खेपेला तिच्यासाठी डब्यातून खवा नेला.

पाडव्याला मी गडमुडशिंगीला गेले. धाकटी म्हैस शेजाऱ्यांना दिली होती; तसं आक्कानंच ठरवलं होतं. थोरलीपाशी मुलानं एक बुटका स्टूल ठेवला होता. आक्का त्यावर बसली. एक पाय दुमडलेला, दुसरा अर्धवट वाकून म्हशीच्या पोटाखाली लांब गेलेला. चरवी गुडघ्यांत मावेना, म्हणून तिनं ती जमिनीवर टेकली. म्हैस वळून त्या पायाचा वास घेत राहिली, पान्हा काही सोडेना. मुलगा पुढं आला, तशी आक्कानं त्याला हातानं थांबवलं. म्हशीच्या कुशीला कपाळ टेकून ती म्हणाली, "आता असंच गं बाये. माझंबी असंच, तुझंबी असंच. घे समजून."

थोड्या वेळानं चरवीत धार वाजली. मुलगा बाहेर गेला. आक्कानं कपाळ काढलं नाही.