जिभेचा रोजा

रोजा म्हणजे नुसतं पोट उपाशी ठेवणं नाही, जिभेलाही उपास असतो. शिवी दिली, चहाडी केली, की दिवसभराची भूक फुकट गेली. हे मी वारूळवाडीतल्या माझ्या शेजारणीला समजावून सांगितलं, तिथंच चुकलं. माझ्या कोंबड्या तिच्या कोथिंबिरीत शिरतात, त्यावरून आमचं बारा महिने भांडण. रमजान लागला तशी ती रोज कुंपणापाशी येऊन मनसोक्त बोलू लागली.

"बोला की भाभी. का, रोजा हाय?"

मी मान डोलवायची आणि उत्तरं ईदेसाठी साठवून ठेवायची. पाण्यावाचून राहणं त्याच्यापेक्षा सोपं होतं.

ईदेला सकाळीच ती दारात हजर. "संपले ना रोजे? आता द्या उत्तर."

मी तोंड उघडलं, तर एकही उत्तर आठवेना. रागही येईना. म्हटलं, "बसा, शीरखुर्मा खा."

ती बसली नाही. माझ्या मुलाला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, म्हातारीचं काय खरं न्हाई. आजच डॉक्टरला दाखवा."

मुलानं सणाच्या दिवशी मला नेऊन साखर तपासली. नीट निघाली.