भोंगेवाल्या आप्पांचं आश्वासन

भोंगेवाले आप्पा इतकं हळू बोलत की चहाच्या टपरीवर शेजारी बसलेल्यालाही कान पुढे करावा लागे. हाच माणूस रिक्षावर भोंगा बांधून माईक हातात घेई, तेव्हा पेणच्या बाजारातल्या बायका भाजी निवडता निवडता थांबत. लग्न होऊन मी पेणला आले, तेव्हा हे दोन्ही आवाज एकाच माणसाचे आहेत हे मला कितीतरी दिवस खरं वाटत नव्हतं.

निवडणूक आली की आप्पांना उसंत नसे. सकाळी एका पक्षाचा प्रचार, दुपारी त्याच रिक्षावर दुसरा झेंडा आणि त्याच गल्लीत दुसरं आश्वासन. कुणी टोकलं तर म्हणत, "आवाज भाड्याचा हाय, मत घरचं हाय." एरवी गावच्या पाण्याची टाकी धुवायची असली की दवंडी त्यांचीच. तीत ते पदरचं एक वाक्य घालत : "आजच पाणी भरून ठेवा, आणि शेजारी म्हातारं माणूस असेल तर त्याचाही हंडा भरा." गावच्या कारभाराबद्दल इतकं शहाणपणाचं वाक्य मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून माईकवर ऐकलेलं नाही.

एका नगरपालिका निवडणुकीच्या सुमाराला माझ्या सासूबाईंची आठवण विरत चालली होती. त्यांचा एकच हट्ट उरला होता : "मला रोह्याला पोचवा." रोहा त्यांचं माहेर. तिथं आता आपलं म्हणावं असं कुणी नव्हतं, म्हणून आम्ही आज-उद्या करत होतो. प्रचाराच्या शेवटच्या दुपारी मी कपडे वाळत घालून आले, तर दार सताड उघडं आणि सासूबाई घरात नाहीत. नवरा कंपनीत शिफ्टला. मी गल्ल्या पालथ्या घातल्या, स्टँड पाहिला. तेवढ्यात समोरून आप्पांची रिक्षा आली. मागे उमेदवार शेठ हात जोडून बसलेले. मी सरळ रिक्षापुढे उभी राहिले.

सासूबाई सापडत नाहीत हे ऐकताच आप्पांनी माईक बंद केला.

शेठ म्हणाले, "आप्पा, आज शेवटचा दिवस आहे."

"शेठ, मतदार कुठं पळत नाय. म्हातारी घरातनं गेलीय."

शेठ उतरले आणि पायी शोधायला लागले. आप्पांनी मला विचारलं, "वहिनी, त्यांना माहेरी काय हाक मारायचे?"

"कुशी."

म्हातारी हरवली आहे, असं आप्पा माईकवर एकदाही म्हणाले नाहीत. मला म्हणाले, "त्यांच्या मनात त्या हरवल्याच नायत. मग वळून कशाला बघतील?" आणि भोंग्यातून हाक घुमली, "गो कुशे, रोह्याची गाडी निघाली! ये गो लवकर, गाडी थांबलीय!"

गणपतीच्या एका कारखान्यामागे, रंग न दिलेल्या मूर्तींच्या आडोशाला सासूबाई बसल्या होत्या. पदर सावरत त्या रस्त्यावर आल्या आणि म्हणाल्या, "थांब रे बाबा, आले मी."

शेठ निवडून आले. मी म्हटलं, पुण्य फळलं. आप्पा म्हणाले, "पुण्य कसलं, वहिनी! समोरचा जास्त बोलायचा."

पुढच्या रविवारी सकाळी रिक्षा आमच्या दारात. भोंगा उतरवलेला. "रोह्याची गाडी निघाली म्हणून मी माईकवर बोललोय. आख्ख्या पेणनं ऐकलंय," आप्पा म्हणाले. "चला, बसा." माईकवर दिलेला शब्द पाळलेला मी तेव्हाच पाहिला.

गडब गावाच्या पुढे, कापणी झालेल्या शेतांत वाल उगवून आला होता. सासूबाई वाटभर बघत होत्या. रोह्यात नदीकाठी उतरल्यावर त्यांनी बोट दाखवून आपली आळी बरोबर ओळखली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे माझं माहेर. तू कुणाची गो?"

"तुमचीच," मी म्हटलं. त्यांनी माझा हात घट्ट धरला. त्यानंतर काही महिन्यांनी त्या गेल्या. त्यांनी पुन्हा कधी रोह्याचं नाव काढलं नाही.

आप्पा वारले तेव्हा मी त्यांच्या बायकोला भेटायला गेले आणि त्या रविवारचं सांगितलं. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"त्या दिवशी लग्नातल्या भोंग्याची ऑर्डर सोडून कुठं गेले, ते बोललेच नाय मला," त्या म्हणाल्या. "मी किती भांडले गो त्यांच्याशी!"

मी त्यांचा हात हातात घेऊन बसून राहिले. आप्पांचे आभार मानायचे राहून गेले होते. आता ते मानायला त्याच तेवढ्या उरल्या होत्या.