बाई आणि 'इमिजिएट'

आमच्या सेक्शनच्या बाई सकाळी आल्या की पर्ससुद्धा खाली ठेवायच्या आधी टेबलावरच्या फायलींच्या लाल पट्ट्या काढून टाकायच्या. त्या पट्ट्यांवर 'इमिजिएट' असं छापलेलं असे, आणि दिल्लीच्या आमच्या सरकारी कार्यालयात ती पट्टी पंखेदुरुस्तीच्या फायलीलासुद्धा लागायची. मग बाई प्रत्येक फाईल उघडून वाचायच्या आणि एखाददुसरीलाच पट्टी परत लावायच्या. शेजारच्या सेक्शनचे वर्माजी चिडवायचे, "मॅडम, आपके यहाँ तो इमिजिएट भी चाय पीकर जाता है!"

"पहले देख तो लूँ, किसका क्या अटका है," बाई मान वर न करता म्हणायच्या.

मी तालुक्याच्या मराठी शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. पहिल्याच दिवशी सवयीनं त्यांना 'बाई' म्हणालो आणि सगळ्या सेक्शनच्या माना वर झाल्या. इकडे घरकाम करणारीला बाई म्हणतात, हे मला कुठं ठाऊक? वर्माजी म्हणाले, "अरे यार, मॅडम बोल!" बाई मात्र हसल्या. "बोलू दे त्याला. दिल्लीत मला बाई म्हणणारं कुणी उरलं नव्हतं."

डबा खाता खाता त्या मला इंग्रजी शिकवायच्या. "इमिजिएट फॅमिली, इमिजिएट नेबर, इमिजिएट सुपीरियर. यात घाई कुठं आहे रे? मध्ये दुसरं कुणी नाही, एवढाच अर्थ." कुणी 'मोस्ट इमिजिएट' लिहिलं की 'मोस्ट' खोडायच्या. "मध्ये काहीच नाही म्हटल्यावर त्याहून जास्त काय असणार?" 'विथ इमिजिएट इफेक्ट' हे शब्द मात्र त्यांचं पेन अडवायचे. "बदलीच्या ऑर्डरमध्ये हे लिहिताना त्या माणसाचं घर डोळ्यांपुढे आण. पोरांची शाळा, म्हाताऱ्यांची औषधं, सगळं त्याला आजच सोडायचं असतं."

एके दिवशी तशी ऑर्डर माझ्याच नावानं आली. गुवाहाटी, विथ इमिजिएट इफेक्ट. आई तेव्हा करोल बागेतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत होती. तिला कॅन्सर होता, किरणोपचार नुकतेच सुरू झाले होते आणि तिला दवाखान्यात नेणारा मी एकटाच होतो. मला त्याच संध्याकाळी इथून कार्यमुक्त करण्याचं काम बाईंचं होतं.

त्यांनी ऑर्डर वाचली. "आईला सांगितलंस?"

"नाही, बाई."

"मग आत्ता सांगू नकोस."

ऑर्डर घेऊन त्या मोठ्या साहेबांकडे वर गेल्या. मी लिफ्टपाशी उभा राहिलो. बऱ्याच वेळानं परत आल्या आणि आधी पाणी प्यायल्या.

"बदली रद्द होत नाही. तिथली खुर्ची रिकामी ठेवता येत नाही म्हणतात. तुझ्या आईचे उपचार संपेपर्यंत मी जाऊन बसते तिथं, साहेबांनी मान्य केलंय."

"बाई, तुम्ही?"

"हे गेले, लेक पुण्याला. मयूर विहारच्या फ्लॅटला कुलूप लावलं की झालं. रिटायर व्हायच्या आधी ब्रह्मपुत्रा तरी बघून होईल." माझे डोळे भरलेले पाहून म्हणाल्या, "चलो, आता त्या फायली इकडे दे. जायच्या आधी संपवू दे मला."

उपचार पुरे झाल्यावर मी आईला घेऊन गुवाहाटीला गेलो. बाईंनी आमच्यासाठी खोली बघून ठेवली होती, तळमजल्यावरची. "जिना झेपायचा नाही तुम्हाला अजून," त्या आईला म्हणाल्या. बाईंनी चार्ज माझ्या हाती दिला, निवृत्त झाल्या आणि तिथूनच लेकीकडे पुण्याला गेल्या.

आता बदली होऊन आम्ही पुन्हा दिल्लीत आहोत. आई बरी आहे. लिहायला, वाचायला, माणसाकडे बघायला बाईंनी मला शिकवलं, हे एकदा त्यांना नीट सांगावं असं फार वाटतं. रविवारी आई त्यांना फोन लावते तेव्हा मी शेजारी जाऊन उभा राहतो. गुडघे, लोणची, दिल्लीची थंडी, दोघींचं तासभर चालतं. शेवटी आई म्हणते, "ठेवते हं ताई, हा तुमचा पोरगा केव्हाचा ताटकळलाय." आणि फोन ठेवूनच देते.