केबलचं तोंड सांभाळणारे तात्या

तात्यांच्या हातात केबलचं तोंड आलं की त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, हा आमच्या टोळीतला अलिखित नियम होता. बोललात तर उत्तर मिळायचं नाही, आणि फारच बोललात तर खांद्यावरचा पंचा तुमच्या दिशेनं झटकला जायचा. एरवी हेच तात्या बोलण्याचे इतके भुकेले, की रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी मोटारसायकलवाल्याला थांबवून ‘कुठलं गाव?’ म्हणून विचारायचे. त्या बिचाऱ्याची दहा मिनिटं तरी सुटका नसे.

मी डिप्लोमा संपवून एका ठेकेदाराकडं सुपरवायझर म्हणून लागलो, तेव्हा लोहारा तालुक्यात जमिनीखालच्या पाइपांतून इंटरनेटची केबल ओढायचं काम चाललं होतं. ही केबल कारखान्यातूनच टोकाला कनेक्टर बसवून यायची. जागेवर जोडणी करत बसायला नको, नेऊन पेटीत खोचली की झालं. पण ते टोक, म्हणजे आमच्या भाषेत तोंड, पाइपातून जाताना चिरडलं तर सगळी केबल वाया. करंगळीच्या पेराएवढे कनेक्टर आणि त्यांच्या आत केसासारखी काच.

ते तोंड बांधायचं काम तात्यांचं. कनेक्टर एका जागी न ठेवता थोडे मागंपुढं करायचे, म्हणजे गाठोडं जाड होत नाही. त्यावर जुन्या धोतराचं मऊ फडकं, त्यावर नरम नळी, आणि पाणी शिरू नये म्हणून वरून चिकटपट्टी. ओढायची दोरी मात्र या गाठोड्याला कधीच बांधायची नाही. ती मागं, केबलच्या अंगावर चढवलेल्या तारेच्या जाळीला. मी पहिल्या दिवशी ‘पुढंच बांधा की’ म्हणालो, तर माझ्याकडं कीव केल्यासारखं बघून म्हणाले, “आरं इंजिनेर, ओढ अंगावर घ्यायची, तोंडावर न्हाय. बैल कधी नाकानं गाडी वढतुय का?” डिप्लोमाच्या तीन वर्षांत हे मला इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

दोरीचा पीळ केबलपर्यंत पोचू नये म्हणून मध्ये एक फिरती कडी लागते. एकदा ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशी तात्यांनी घरून गाईच्या साखळीची भवरकडी आणली. गाय विकून बरीच वर्षं झाली होती. मग कडी कशाला ठेवली, असं विचारल्यावर म्हणाले, “गाय गेली, कडी ऱ्हायली. आता हिला तरी काम लागलं.”

ते सास्तूरचे. भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या घरात एकटेच राहायचे. बायको वारलेली, एकुलती मुलगी कर्नाटकात दिलेली. “जुन्या गावात भिंतीला भिंत व्हती,” ते सांगत. “शेजारी खोकला तरी ऐकू यायचं. आता रस्ते लई रुंद. म्या आठ दिस पडून ऱ्हायलो तरी कुणाला पत्ता लागायचा न्हाय.” हे ते हसत सांगायचे, म्हणून आम्हीही हसायचो. तेव्हा मला अक्कल नव्हती, दुसरं काय म्हणू?

जेवणाचं त्यांचं एक खूळ होतं. केबल आत सोडणारा एका खड्ड्यापाशी आणि ओढणारे पार दुसऱ्या टोकाला, त्यामुळं दिवसभर तात्या एकटेच असत. पण जेवायच्या वेळी भर उन्हात चालत आमच्याकडं यायचे. गाठोड्यात पाच माणसांना पुरतील एवढ्या भाकऱ्या आणि शेंगाची चटणी. सगळे बसल्याशिवाय पहिला घास नाही. “एकट्यानं भाकर चावती, पर उतरत न्हाय,” म्हणायचे. शेत बटईनं दिलंय, भागतंय, मग या वयात हे कष्ट कशाला, असं मी एकदा म्हणालो. “भागतंय रे,” ते म्हणाले, “पर जेवाय चार माणसं कुठनं आणू? हे काम सुटलं तर म्या कुणासंगं बसू?”

आणि ते काम माझ्यामुळं सुटलं.

एका शाळेची केबल ओढत होतो. तात्या अलीकडं आत सोडत होते, मी पलीकडं दोरी ओढणाऱ्यांजवळ. ठेकेदार शेजारी उभा राहून सारखा घड्याळ बघत होता. तेवढ्यात तात्यांचा फोन आला. “थांबीव रे. आत कुठंतरी अडलंय. म्या जरा मागं घेऊन सोडवतो. तवर कुणी दोरीला हात लावू नगा.” मी बरं म्हणून फोन खिशात टाकला. ठेकेदारानं विचारलं, “काय झालं?”

“काही नाही,” मी म्हणालो, आणि दोरीवरच्या माणसांना सांगितलं, “घ्या, एकदा जोर लावा.”

ठेकेदारासमोर काम थांबलेलं दिसायला नको होतं, एवढंच. दुसरं कारण मला आजही सापडत नाही.

तोंड बाहेर आलं ते नळी फाटून, फडक्याच्या चिंध्या होऊन. आतले कनेक्टर चिरडले होते. तात्या चालत आले. हातातून केबल हिसकली गेल्यानं त्यांचा तळवा सोलून निघाला होता. ठेकेदारानं विचारलं, “तोंड कुणी बांधलं होतं?” तात्यांनी माझ्याकडं बघितलं. चांगला बराच वेळ बघितलं. मी खाली वाकून दोरी गोळा करायला लागलो.

“म्या बांधलं,” तात्या म्हणाले. खोटं नव्हतंच ते.

“वय झालं तुमचं. उद्यापासून येऊ नका.”

जेवायची वेळ व्हायच्या आधीच ते भाकऱ्यांचं गाठोडं उचलून निघून गेले.

पुढं मी दुसरीकडं कामाला लागलो. आज माझ्या हाताखालची माणसं तोंड बांधतात तेव्हा मी तात्यांचीच रीत त्यांना शिकवतो, आणि प्रत्येक वेळी मनात चरकतो. त्या दिवसानंतर दोन वर्षांनी शेवटी धीर करून सास्तूरला गेलो. घराला कुलूप. त्या रुंद रस्त्यापलीकडच्या बाईंनी सांगितलं, तात्यांना मुलीनं नेलं. नंबर घेऊन तिथूनच फोन लावला.

“आरं इंजिनेर! हायस कुठं?” आवाज तसाच, आनंदानं फुललेला. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

“ठावं हाय की,” ते म्हणाले. “केबल माझ्याच हातातनं गेली व्हती.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत, तात्या?”

“तू बोलशील म्हनून. तीन दिस लोहाऱ्याच्या स्टँडवर येऊन बसलो व्हतो, भाकरी घिऊन. वाटलं, तू न्ह्यायला येशील.”

पहिल्याच दिवशी मी त्यांना तिथं बसलेलं पाहिलं होतं. म्हणून पुढचे दोन दिवस मागच्या रस्त्यानं कामावर गेलो. हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही.